स्मार्टफोनच्या बाजारहिस्स्याचा तक्ता : प्रकल्प नोंदी

भारतात सर्वाधिक स्मार्टफोन कोणती कंपनी विकते, या प्रश्नावर आमच्या वाणिज्य शाखेच्या तृतीय वर्षाने वादसभा घ्यायचे ठरवले. दोन्ही बाजूंना वापरता येईल असा आकड्यांचा एकच तक्ता आधी तयार करावा, असे मी सुचवले आणि विद्यार्थ्यांनी ते मान्य केले. दुसऱ्या महाविद्यालयांतील शिक्षकांना असे काम करायचे असेल तर त्यांचा वेळ वाचावा, एवढ्यासाठी या नोंदी ठेवल्या आहेत. बाजारहिस्सा म्हणजे काय, याची पाठ्यपुस्तकी व्याख्या येथे दिलेली नाही.

४ जानेवारी २०२५

२०१४ ते २०२३ हा काळ घेतला. आयडीसी, काउंटरपॉइंट आणि कॅनालिस या तीन संशोधन संस्थांचे भारताविषयीचे तिमाही आकडे एका गूगल शीटमध्ये भरायचे, प्रत्येक तिमाहीला एक ओळ द्यायची आणि प्रत्येक कंपनीला एक रकाना, अशी मांडणी ठरली. या संस्थांचे पूर्ण अहवाल विकत घेणे महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचे आहे, त्यामुळे त्यांनी जाहीर केलेल्या मोफत मजकुरावरच काम करायचे आहे. वर्गाचे दोन गट केले. एक गट बातम्या जमवेल आणि दुसरा त्या तपासून शीटमध्ये भरेल.

९ जानेवारी

बातम्यांवरून तक्ता भरण्याची पद्धत बंद केली. पहिल्या आठवड्यातील जवळपास सगळे काम त्यामुळे वाया गेले, पण ते चालू ठेवले असते तर पुढचे सगळे काम वाया गेले असते. अडचण अशी की वर्तमानपत्रांच्या बातम्यांत एका संस्थेचा हिस्सा आणि दुसऱ्या संस्थेची वाढ एकाच परिच्छेदात येते, तिमाहीचा आकडा शीर्षकात वर्षाचा म्हणून छापला जातो, आणि ज्या तळटिपेवर आकड्याचा सगळा अर्थ अवलंबून असतो ती तळटीप गाळलेली असते. एकाच दिवशीच्या, एकाच तिमाहीविषयीच्या दोन बातम्यांत पहिल्या क्रमांकावर दोन वेगळ्या कंपन्या होत्या. दोन्ही बातम्या आपापल्या स्रोताशी प्रामाणिक होत्या, हे आम्हाला मूळ पत्रके वाचल्यावर कळले.

यापुढे फक्त संस्थांची मूळ प्रसिद्धिपत्रके वापरायची. जुनी पत्रके संकेतस्थळांवरून हलवलेली असतात, ती वेबॅक मशीनवर, म्हणजे जुन्या संकेतपानांच्या ऑनलाइन संग्रहात, बहुतांश सापडतात. पत्रक सापडले नाही तर रकाना रिकामा ठेवायचा. रिकामा रकाना वादसभेत त्रास देत नाही, चुकीचा भरलेला देतो.

१२ जानेवारी

सगळे आकडे मिलियनमधून लाखांत आणले. पत्रकांतले ९.९ मिलियन म्हणजे ९९ लाख आणि ३३.५ मिलियन म्हणजे ३ कोटी ३५ लाख. भरणाऱ्यांपैकी काही जण मिलियन आणि लाख यांत गोंधळत होते, म्हणून शीटच्या पहिल्या ओळीतच रूपांतराचे सूत्र बसवले. आता मूळ आकडा एका रकान्यात टाकला की शेजारी लाखांतला आकडा आपोआप येतो.

१८ जानेवारी

२०१४ ची शेवटची तिमाही भरताना पहिला खरा पेच आला. कॅनालिसच्या मते ऑक्टोबर ते डिसेंबर २०१४ मध्ये मायक्रोमॅक्सचा हिस्सा २२ टक्के आणि सॅमसंगचा २० टक्के होता. आयडीसीच्या मते सॅमसंग २२ टक्क्यांवर आणि मायक्रोमॅक्स १८ टक्क्यांवर होती. देशी कंपनीने कोरियन कंपनीला मागे टाकले, ही त्या वेळची मोठी बातमी होती आणि ती पूर्णपणे पहिल्या संस्थेच्या आकड्यावर उभी होती.

वर्गाने दोन्हींची सरासरी काढून टाकावी असा आग्रह धरला. मी तो मानला नाही. सरासरी काढायची तर दोन्ही संस्था एकच गोष्ट मोजत आहेत, एकाच प्रकारे मोजत आहेत आणि फरक केवळ योगायोगाचा आहे, एवढे तरी गृहीत धरावे लागते. तसे मानायला आमच्याकडे काहीही आधार नव्हता. शीटची मांडणी बदलली : एका तिमाहीला एक ओळ न देता, एका तिमाहीतील एका संस्थेला एक ओळ. ओळी तिप्पट झाल्या आणि तक्ता दिसायला अवजड झाला, पण मतभेद डोळ्यांसमोर राहू लागला.

२३ जानेवारी

२०१७ ची शेवटची तिमाही भरली. भारतात शाओमीने सॅमसंगला मागे टाकल्याचे तेव्हा जाहीर झाले. काउंटरपॉइंटने शाओमीला २५ आणि सॅमसंगला २३ टक्के दिले. कॅनालिसने शाओमीचे ८२ लाख आणि सॅमसंगचे ७३ लाख फोन मोजले, म्हणजे साधारण २७ आणि २५ टक्के. दोन संस्था क्रमावर एकमत होत्या. सॅमसंगने मात्र हे फेटाळले आणि जीएफके या संस्थेच्या आधारे सांगितले की नोव्हेंबर तिमाहीत संख्येने आपला हिस्सा ४० टक्के आणि किमतीने ४५ टक्के आहे.

एका बाजूला २३ आणि दुसऱ्या बाजूला ४०. हा फरक चुकीने पडत नाही. तो कशामुळे पडतो हे उलगडण्यात आमचे बरेच तास गेले आणि ते तास सत्कारणी लागले असे मला वाटते. काउंटरपॉइंट, कॅनालिस आणि आयडीसी यांचे तिमाही आकडे मुख्यतः पाठवणीचे असतात, म्हणजे कंपनीने वितरकाला, मोठ्या दुकानसाखळीला किंवा ऑनलाइन विक्रेत्याला किती फोन दिले याचा अंदाज. जीएफके दुकानांचा नमुना निवडून ग्राहकाच्या हातात गेलेले फोन मोजते. मोजण्याची जागाच वेगळी आहे. त्यातून त्या काळात शाओमीची मोठी विक्री फ्लिपकार्ट, अ‍ॅमेझॉन आणि कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून होत असे. दुकानांच्या नमुन्यात अशी कंपनी लहान दिसणारच, आणि गल्लोगल्ली दुकानांत बसलेली कंपनी मोठी दिसणारच. शिवाय सॅमसंगने सांगितलेली नोव्हेंबर तिमाही ही इतरांच्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीशी जुळत नाही.

शीटमध्ये दोन रकाने वाढवले : ‘कुठे मोजले’ आणि ‘कोणते महिने’. हे दोन रकाने भरल्याशिवाय ओळ पुढे जाणार नाही असे बंधन घातले. जीएफकेची ओळ वेगळ्या पानावर हलवली, कारण पाठवणीच्या ओळींशेजारी ती ठेवली की वाचणारा आपसूक तुलना करतो.

२५ जानेवारी

आजची नोंद लांब आहे, कारण या प्रकल्पातून हाती लागलेली सर्वांत उपयोगी गोष्ट आज सापडली.

एप्रिल ते जून २०१८ या एकाच तिमाहीसाठी तीन संस्थांची तीन उत्तरे आहेत. काउंटरपॉइंट म्हणते सॅमसंग २९ टक्क्यांनी पहिली आणि शाओमी २८ टक्क्यांनी दुसरी. कॅनालिस म्हणते दोघींचे प्रत्येकी ९९ लाख फोन, म्हणजे बरोबरी. आयडीसी म्हणते शाओमी २९.७ टक्के आणि सॅमसंग २३.९ टक्के. तिन्ही आकडे पाठवणीचेच आहेत आणि महिनेही तेच, त्यामुळे २३ जानेवारीचे स्पष्टीकरण येथे पुरत नाही.

टक्केवारी बाजूला ठेवून आम्ही फोनांची संख्या काढली. आयडीसीने एकूण बाजार ३ कोटी ३५ लाख धरला आहे. त्याचे २९.७ टक्के म्हणजे साडेनव्याण्णव लाख, ही शाओमी. २३.९ टक्के म्हणजे ८० लाख, ही सॅमसंग. कॅनालिसचा एकूण बाजार ३ कोटी २६ लाख आणि दोन्ही कंपन्या ९९ लाख. फळ्यावर हे चार आकडे मांडल्याबरोबर मागच्या बाकावरच्या एका मुलीने सांगितले की भांडण शाओमीविषयी नाहीच. आणि ते खरे आहे. शाओमीच्या आकड्यावर दोन्ही संस्था जवळपास तंतोतंत जुळतात. सगळा मतभेद सॅमसंगच्या १९ लाख फोनांविषयी आहे.

आणखी पुढे गेलो. दोन्ही कंपन्या वजा केल्यावर बाकीच्या सर्व कंपन्यांसाठी आयडीसीकडे सुमारे १ कोटी ५५ लाख फोन उरतात आणि कॅनालिसकडे १ कोटी २८ लाख. म्हणजे आयडीसीने इतर कंपन्यांच्या पदरात २७ लाखांहून अधिक फोन जास्त टाकले आहेत. सॅमसंगविषयीचा आणि इतरांविषयीचा असे दोन मतभेद ‘पहिला कोण’ या एका प्रश्नाखाली झाकले गेले होते.

शाओमीवर एकमत आणि सॅमसंगवर मतभेद, हे का? माझे मत असे आहे. काही ठरावीक ऑनलाइन विक्रेत्यांमार्फत जाणारा माल मोजणे तुलनेने सोपे असते, कारण विचारपूस करायची दारे थोडी असतात. राष्ट्रीय वितरक, विभागीय वितरक, तालुक्याचा वितरक आणि मग हजारो लहान दुकाने अशा साखळीतून जाणारा माल कोणत्या टप्प्यावर मोजला यावर आकडा बदलतो, आणि प्रत्येक टप्प्यावर साठा पडून असतो. बाजारहिस्स्याच्या वादात जिचा आकडा संस्थागणिक हलतो ती कंपनी शोधावी. तिची विक्रीची साखळी लांब असण्याची शक्यता मोठी असते.

शीटमध्ये ‘हिस्सा’ हा रकाना आता सूत्राने येतो. भरायचे ते फोन आणि एकूण बाजार. ज्यांना हा तक्ता करायचा आहे त्यांनी पहिल्याच दिवशी असे करावे.

१ फेब्रुवारी

लांब साखळीचे म्हणणे दुकानांत जाऊन तपासायचे ठरवले. नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावर मोबाइलची दुकाने दाटीने आहेत, तेथून सुरुवात केली. छापील प्रश्नावली घेऊन विद्यार्थी गेले आणि जवळपास कोरीच घेऊन परत आले. पहिला प्रश्नच ‘महिन्याला कोणत्या कंपनीचे किती फोन विकता’ असा होता. अनोळखी माणसाला दुकानदार धंद्याचा आकडा सांगत नाही, आणि सांगितलाच तर तो कंपनीने दिलेल्या टार्गेटचा असतो.

एका दुकानदाराने मात्र प्रश्नावली वाचून उलट विचारले, “ताई, आलेला माल सांगू की गेलेला? आमच्याकडे दोन्हींचा हिशोब वेगळा असतो.” प्रश्नावली त्याच संध्याकाळी रद्द केली. छपाईचे पैसे गेले.

८ फेब्रुवारी

नवी पद्धत लागू पडली. संख्या विचारायचीच नाही. दुकानदाराला एवढीच विनंती करायची की कपाटात सर्वांत जास्त दिवस पडून असलेला, सीलबंद खोका दाखवा. या विनंतीला बहुतेकांनी होकार दिला, कारण पडून राहिलेला माल ही त्यांची तक्रार आहे आणि ती कोणी ऐकून घ्यावी असे त्यांना वाटते.

खोक्याच्या मागच्या बाजूस किंवा कडेला पांढरे लेबल असते. त्यावर मॉडेल, रंग, मेमरी, कमाल किरकोळ किंमत, फोनाची ओळख पटवणारे दोन आयएमईआय क्रमांक त्यांच्या बारकोडसह, आणि अगदी बारीक अक्षरात उत्पादनाचा महिना व वर्ष छापलेले असते. वेष्टित मालावर उत्पादनाचा काळ छापण्याचे बंधन वैधमापनाच्या नियमांनुसार आहे, त्यामुळे हा मजकूर प्रत्येक खोक्यावर मिळतो. विद्यार्थ्यांनी आयएमईआय टिपायचा नाही आणि फोटो काढायचा नाही, फक्त महिना लिहायचा, असे आधीच बजावले होते.

एका दुकानात वरच्या फळीवरून काढलेल्या खोक्यावर धूळ बसून लेबलाची कडा उचलली गेली होती आणि त्यावर जुलै २०२४ छापलेले होते. हा फोन कारखान्यातून निघून वितरकाकडे गेला त्या तिमाहीतच तो पाठवणीत मोजला गेला असणार, आणि त्या कंपनीच्या हिश्श्यात त्याचा वाटा पडला असणार. फेब्रुवारीत तो अजून कोणी विकत घेतलेला नाही. मुलांना ‘पाठवणी म्हणजे विक्री नव्हे’ हे वाक्य मी वर्गात अनेकदा सांगितले होते. ते वाक्य या खोक्यापाशी त्यांच्या नीट ध्यानात आले.

दुकानदारांनी कारणही सांगितले. तिमाही संपत आली की वितरकाचा माणूस येतो आणि अमुक नग उचलले तर अमुक स्कीम असे सांगतो. “मार्च एंडला गिऱ्हाईक येत नाही, माल येतो,” असे एकाने सांगितले. पुढे मॉडेलची किंमत उतरली तर जुन्या मालावरचा फरक कंपनी भरून देते, पण तो क्लेम मिळायला वेळ लागतो. तोपर्यंत पैसे दुकानदाराचे अडकलेले असतात.

या पाहणीतून टक्केवारी काढायची नाही, हेही ठरवले. एका शहरातल्या एका रस्त्यावरची, दुकानदाराने स्वतः निवडून दाखवलेल्या खोक्यांची ही पाहणी आहे. तिच्यावरून देशाविषयी काही सिद्ध होत नाही. साठा कोठे थांबतो हे दाखवणे एवढेच तिचे काम आहे.

९ फेब्रुवारी

पाठवणीऐवजी अ‍ॅक्टिव्हेशन मोजावे, म्हणजे फोन पहिल्यांदा सुरू होऊन इंटरनेटला जोडला गेला की तो विकला असे धरावे, अशी सूचना एका विद्यार्थ्याने केली. कंपन्या आतल्या हिशोबासाठी तेच करतात. परंतु काही दुकानदारांनी सांगितले की स्कीमची मुदत संपत असेल तर ते स्वतःच खोका उघडून, सिम घालून फोन सुरू करतात आणि नंतर तो थोड्या कमी भावात ओपन बॉक्स म्हणून विकतात. ऑनलाइन सेलमध्ये स्वस्तात घेतलेले फोन दुकानातून विकले जातात, हेही कळले. असा फोन कागदावर ऑनलाइन विक्रीत जातो आणि प्रत्यक्षात रस्त्यावरच्या दुकानातून ग्राहकाकडे पोहोचतो. त्यामुळे अ‍ॅक्टिव्हेशनही गिऱ्हाइकाच्या खरेदीशी नेमके जुळत नाही.

१५ फेब्रुवारी

दसरा-दिवाळीच्या तारखांचा रकाना वाढवला आणि अनेक विचित्र वाटणारे आकडे सरळ झाले. आयडीसीच्या मते जुलै ते सप्टेंबर २०१९ मध्ये ४ कोटी ६६ लाख आणि २०२० च्या त्याच तिमाहीत ५ कोटी ४३ लाख फोन पाठवले गेले. २०१९ मध्ये फ्लिपकार्टचा मोठा सेल २९ सप्टेंबरला सुरू झाला होता. २०२० मध्ये तो १६ ऑक्टोबरला सुरू झाला, दसरा २५ ऑक्टोबरला आणि दिवाळी १४ नोव्हेंबरला होती. म्हणजे २०२० च्या त्या विक्रमी तिमाहीत सणाच्या ऑनलाइन सेलचा एकही दिवस नव्हता. माल आधी गोदामात गेला आणि ग्राहक पुढच्या तिमाहीत आला. टाळेबंदीनंतर साठलेली मागणी हेही वाढीचे एक कारण होतेच, आणि दोन्ही कारणांचा वाटा वेगळा काढण्याचे साधन आमच्याकडे नाही.

गोदाम भरण्याचा हिशोब पुढे कधीतरी चुकता होतो. जानेवारी ते मार्च २०२३ मध्ये आयडीसीने पाठवणी १६ टक्क्यांनी घटून ३ कोटी १० लाखांवर आल्याचे नोंदवले, आणि आधीचा न खपलेला साठा हे त्याचे एक मुख्य कारण दिले गेले. कॅनालिसने त्याच तिमाहीसाठी ३ कोटी ६ लाख धरले. घसरणीच्या या तिमाहीत संस्थांचे आकडे एकमेकांच्या बरेच जवळ आहेत.

२० फेब्रुवारी

संस्थांचे अंदाज खरे की खोटे हे ठरवायला कंपनीचा स्वतःचा, उत्तरदायी आकडा लागतो. असे प्रसंग फार थोडे आहेत आणि ते भारतापुरते नाहीत, तरी वेगळ्या पानावर नोंदवले.

अ‍ॅपल प्रत्येक तिमाहीला किती आयफोन विकले हे जाहीर करत असे. जुलै ते सप्टेंबर २०१८ साठी तिने ४ कोटी ६९ लाखांचा आकडा दिला आणि १ नोव्हेंबर २०१८ रोजी यापुढे संख्या देणार नाही असे सांगितले. तेव्हापासून आयफोनच्या संख्येचे सगळे आकडे बाहेरच्यांचे अंदाज आहेत. मला हे मोठे नुकसान वाटते, कारण एका कंपनीचा पक्का आकडा असला की बाकीच्यांविषयीचे अंदाज त्याच्या आधारे घासून पाहता येतात.

शाओमीचे उदाहरण सर्वांत उपयोगी ठरले. जानेवारी ते मार्च २०१९ मध्ये जगभरात शाओमीचे अडीच कोटी फोन गेले, असा आयडीसीचा अंदाज होता. हाँगकाँगच्या शेअर बाजारात नोंदलेल्या या कंपनीने आपली पाठवणी २ कोटी ७५ लाखांहून अधिक असल्याचे निवेदन दिले आणि तिमाही निकालात २ कोटी ७९ लाखांचा आकडा दिला. अंदाज सुमारे दहा टक्क्यांनी कमी होता. शीटमधील प्रत्येक अंदाजाभोवती किती मोकळीक ठेवावी याचा अदमास घ्यायला आम्ही हेच उदाहरण वापरले.

तिसरा प्रसंग न्यायालयाचा. २०१२ च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅपल आणि सॅमसंग यांच्या कॅलिफोर्नियातील खटल्यात, दाव्यात आलेल्या सॅमसंगच्या मॉडेलांची अमेरिकेतील विक्री कागदपत्रांतून उघड झाली : जून २०१० ते जून २०१२ या काळात सुमारे २ कोटी १२ लाख फोन आणि १४ लाख टॅबलेट. त्याआधी, २०११ च्या जानेवारीत, गॅलक्सी टॅबचा जगभरातील २० लाखांचा गाजलेला आकडा दूरसंचार कंपन्या आणि दुकानांकडे पाठवलेल्या नगांचा आहे, असे सॅमसंगला स्पष्ट करावे लागले होते. एक आकडा जगाचा आणि दुसरा केवळ अमेरिकेचा असल्याने ते शेजारी ठेवू दिले नाहीत.

२५ फेब्रुवारी

कोणता ब्रँड कोणत्या कंपनीत धरायचा, हे ठरवण्याचा दिवस. रियलमी मे २०१८ मध्ये ओप्पोच्या छत्राखाली आली आणि थोड्याच काळात वेगळी झाली. पोको २०२० च्या जानेवारीत शाओमीपासून स्वतंत्र झाल्याचे जाहीर झाले, तरी अनेक तक्त्यांत ती शाओमीतच धरलेली असते. वनप्लस ओप्पोत आणि आयक्यूओओ विवोत धरली की वगळली, यावर पहिल्या तीन क्रमांकांचा क्रम बदलू शकतो. ‘कोणाला धरून’ असा आणखी एक रकाना वाढवला.

स्टॅटकाउंटरचे आकडे एका विद्यार्थ्याने आणले होते. ते संकेतस्थळे उघडली गेल्याच्या नोंदींवरून काढलेले असतात. चार वर्षांपूर्वी घेतलेला आणि आजही वापरात असलेला फोन त्यात मोजला जातो, आणि जो जास्त पाने उघडतो त्याच्या फोनाला जास्त वजन मिळते. वापरात कोणते फोन आहेत याविषयी ते काही सांगतात. या तिमाहीत काय विकले याविषयी सांगत नाहीत. तक्त्यात घेतले नाहीत.

२ मार्च

वार्षिक बेरजा तपासल्या. २०२२ साठी आयडीसी १४ कोटी ४० लाख, कॅनालिस १५ कोटी १६ लाख आणि काउंटरपॉइंट सुमारे १५ कोटी २० लाख. घट झाली यावर तिघींचे एकमत आहे, ती किती झाली यावर नाही. २०२३ मध्ये मात्र दिशाच वेगळ्या आहेत : आयडीसीच्या मते १४ कोटी ६० लाख आणि एक टक्का वाढ, कॅनालिसच्या मते १४ कोटी ८६ लाख आणि दोन टक्के घट, काउंटरपॉइंटच्या मते १५ कोटी २० लाखांवर बाजार जागच्या जागी.

वाढ सांगणाऱ्या संस्थेचा एकूण आकडा तिघींत सर्वांत लहान आहे, हे नीट पाहावे. एका संस्थेच्या वर्षाची दुसऱ्या संस्थेच्या मागच्या वर्षाशी तुलना केली तर हवी ती वाढ किंवा घट दाखवता येते. त्यामुळे दोन संस्थांच्या ओळींमध्ये वजाबाकी करता येऊ नये, असे कुलूप शीटमध्ये घातले. ते बसवायला संगणक विभागातील सहकाऱ्यांची मदत घ्यावी लागली आणि एक पूर्ण दुपार गेली.

८ मार्च

संख्येबरोबर रुपयांचाही एक छोटा तक्ता जोडला. कंपनी कायद्याखाली कंपन्यांना उत्पन्नाचे लेखापरीक्षित आकडे सादर करावे लागतात, म्हणून हा भाग अंदाजाचा नाही. २०१७-१८ या आर्थिक वर्षात सॅमसंग इंडियाचे मोबाइल व्यवसायाचे उत्पन्न ३७ हजार कोटी रुपयांहून अधिक होते आणि शाओमीच्या भारतीय कंपनीचे सुमारे २३ हजार कोटी. याच वर्षाच्या उत्तरार्धात फोनांच्या संख्येत शाओमी पुढे गेल्याचे जाहीर झाले होते. स्वस्त फोन अधिक विकणारी आणि महाग फोनांतून अधिक मिळवणारी अशा दोन कंपन्यांत पहिली कोण, याचे उत्तर नगांत एक आणि रुपयांत दुसरे येते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी दुसऱ्या उत्तराकडे दुर्लक्ष करू नये, असा माझा आग्रह होता. सॅमसंगच्या उत्पन्नात साधे, बटनांचे फोनही येतात, ही अट तळाशी लिहिली.

आजवरचा खर्च छपाई, रिक्षाभाडे आणि चहा मिळून दोन हजार रुपयांच्या आत राहिला. वेळेचा खर्च मोठा आहे, आणि त्यातला बराचसा पहिल्या महिन्यात मांडणी पुन्हा पुन्हा बदलण्यात गेला. वर सांगितलेले रकाने सुरुवातीलाच ठेवले तर तो वाचेल.

१२ मार्च

वादसभेची रंगीत तालीम झाली. मूळ विषय ‘भारतात पहिल्या क्रमांकावर कोण’ असा होता, तो बदलून ‘एप्रिल ते जून २०१८ या तिमाहीत पाठवलेल्या फोनांच्या संख्येत सॅमसंग शाओमीच्या पुढे होती’ असा केला. विषय अरुंद झाल्याची तक्रार काही जणांनी केली, परंतु तालमीत पहिल्यांदाच दोन्ही बाजू एकाच गोष्टीविषयी बोलत होत्या. बाजूने बोलणाऱ्यांनी काउंटरपॉइंटचा आधार घेतला आणि विरोधकांनी आयडीसीचा. सॅमसंगचे ते १९ लाख फोन जूनअखेर नेमके कोठे होते, या प्रश्नावर चर्चा रंगली.

परीक्षकांसाठी एक नियम लिहून ठेवला. एका तिमाहीत, एका संस्थेच्या आकड्यांत दोन कंपन्यांमधला फरक तीन टक्क्यांहून कमी असेल आणि दुसरी संस्था उलटा क्रम देत असेल, तर कोणत्याही वक्त्याला ‘पहिला’ हा शब्द निर्विवाद म्हणून वापरता येणार नाही. तीन टक्के ही सीमा आमच्या तक्त्यापुरती आहे. सलग चार तिमाह्या सर्व संस्था एकच क्रम देत असतील, तर फरक लहान असला तरी तो क्रम मानायचा.

२०२४ च्या ओळी भरायला पुढच्या वर्गाला सांगितले आहे. त्यांनी दुकानांची पाहणी फेब्रुवारीऐवजी दिवाळी संपल्यावर लगेच घ्यावी. सणाआधी उचललेला माल तेव्हा कपाटात असतो, लेबलावरचा महिना ताजा असतो, आणि दुकानदाराकडे बोलायला वेळही असतो.